मागचं पाखं : राजापूरच्या घराच्या छपराची खरेदी, फेब्रुवारी ते जून २०२५

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

रात्री दादरहून तुतारीने निघून सकाळी राजापूर रोडला उतरले. घरी पोचले तेव्हा छपराचं काम करणाऱ्या तात्यांनी शिडी लावलेलीच होती. मागच्या पाख्यावरची, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावरची, चार कौलं उचलून त्यांनी बाजूला ठेवली आणि मला वर बोलावलं. "ताई, हात लावून बघा." रिपेवर, म्हणजे कौलं अडकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर, अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. वरून लाकूड शाबूत दिसतं, आत पिठासारखा भुसा. भुंग्याने पोखरलंय. वळचणीकडे, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, पाच-सहा वाशांच्या टोकांना वाळवीही लागली आहे. आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं लाकूड, मात्र सागाचं आहे, ठणठणीत. तात्यांनी पटाशीचं टोक मारून पाहिलं, शिरत नाही. पुढचं पाखंही अजून दोन-तीन वर्षं काढेल.

म्हणजे काम मागच्या पाख्याचं. आई झोपते ती खोली त्याच्याच खाली. गेल्या पावसाळ्यात तिने पलंग तीनदा हलवला आणि मला फोनवर एकदाही सांगितलं नाही, हे आज शेजारच्या काकींकडून कळलं. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी दादाशी बोलले. त्याचं म्हणणं, लोखंडी पाइप उभे कर आणि वर पत्रा टाक, कटकट संपली. त्याचं अगदीच चूक नाही. वाडीतल्या अकरा घरांपैकी सात घरांवर पत्रा आलाय, आणि त्याचं मोठं कारण वानर. टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-पंधरा कौलं फुटतात. दर वर्षी शाकारणीला, म्हणजे कौलं उचलून पुन्हा नीट लावायला, माणूसही मिळत नाही. पण मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, आणि आषाढातल्या पावसात पत्र्याखाली दोन माणसांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. आईला आधीच कमी ऐकू येतं. मी कौलंच ठेवायची म्हटलं. दादा म्हणाला, "मग खरेदी तू बघ, अर्धे पैसे मी देतो." ठरलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर मोजमाप. मागचं पाखं ४४ फूट लांब, आढ्यापासून वळचणीपर्यंत उतारावर १७ फूट. म्हणजे ७४८ चौरस फूट; शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, तर साडेसात ब्रास. ब्रासला साधारण १५० कौलं धरायची, म्हणजे ११२० च्या आसपास. तात्यांनी अंदाज दिला, उतरवताना त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जातील. काही फुटलेली आहेत, काही इतकी मऊ झालीत की नखाने खरवडली जातात.

रिपांचं माप कौलावरून निघतं, पट्टीवरून नाही. कौलाच्या पाठीला दोन नाकं असतात, ती रिपेला अडकतात. एका कौलाच्या नाकापासून पुढच्या कौलाच्या नाकापर्यंतचं अंतर म्हणजेच दोन रिपांमधलं अंतर. आमच्या कौलाला ते साडेबारा इंच येतं. १७ फुटांत १८ ओळी, प्रत्येक ४४ फुटांची, म्हणजे ७९२ फूट. तुटफूट धरून ८५० फूट रीप, दोन बाय एक इंच. घनफुटात पावणेबारा ते बारा. वासे एकूण २३, त्यातले १४ बदलायचे; १८ फुटी, चार बाय अडीच इंच. एक वासा सव्वा घनफूट, चौदा वाशांचे साडेसतरा.

हा हिशेब मी वहीत दोनदा केला आणि तात्यांनी जमिनीवर काडीने एकदा. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

निघताना एक धड कौल आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातलं. तात्यांनीच सांगितलं होतं, "कौल बरोबर असल्याशिवाय कौलाच्या दुकानात जायचं नाय." त्याच्या पाठीवर उठावाची अक्षरं आहेत. 'मंगलोर' एवढं लागतं, त्यापुढे एक चांदणी, बाकी झिजलंय. आई म्हणते, ही कौलं तिच्या सासऱ्यांनी आणली. गलबतातून जैतापूरला उतरवली आणि तिथून बैलगाड्यांनी घरापर्यंत.

१ मार्च, शनिवार

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. गंज न धरणारे स्क्रू, तीन इंची आणि दीड इंची. गावाला हे मिळत नाहीत असं नाही, पण तिथे तीच जात दीडपट भावाने आणि तीही मोजकी. खिळे गावालाच घेणार, किलोवर.

१६ मार्च, रविवार

शिमग्याला आले. पालखी घरी येऊन गेली. खरेदी काही नाही. सॉ मिलचे कामगार आपापल्या गावी, मिल बंद. हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. एक फेरी खरेदीविना गेली, पण पालखी चुकली नाही.

२२ मार्च, शनिवार

लाकूड. ओणीच्या बाजूला दोन मिल पाहिल्या. पहिल्या मिलमध्ये मालक सगळं तात्यांशीच बोलत होता. मी काही विचारलं की उत्तर तात्यांकडे बघून. शेवटी मी वही उघडून घनफूट सांगितले, तेव्हा भाव माझ्याकडे बघून सांगितला. तिथे घेतलं नाही, पण त्याचं कारण वेगळं. वासे ओले होते. ताजं कापलेलं लाकूड हाताला गार लागतं आणि मापाच्या मानाने फार जड भरतं. असं लाकूड छपरावर चढवलं तर सुकताना पीळ धरतं, वासा वळला की रीप उचलते आणि कौल जागा सोडतं. मग वर्षभरात पुन्हा गळती.

दुसऱ्या मिलमध्ये किंजळीचे वासे होते, गेल्या वर्षी कापून शेडमध्ये रचून ठेवलेले. टोकांना बारीक चिरा होत्या, त्या तात्यांना आवडल्या. सुकल्याची ती खूण. एकेक वासा त्यांनी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिला. वीस उपसले, चौदा घेतले. घनफुटाला १२०० रुपये. रिपांसाठी साग, घनफुटाला ३०००.

इथे मी जरा अडले. बारा घनफुटांचे ३६ हजार केवळ रिपांचे. मिलवाल्याने आयत्या रिपा दाखवल्या, मिश्र जंगली लाकडाच्या, निम्म्याहून कमी पैशांत. त्यांतल्या दोन हातात घेतल्या. एकीला कडेने फिकट पट्टा होता. झाडाच्या सालीलगतचा तो भाग, त्यात नार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, नाही, आणि भुंगा पहिला तिथेच शिरतो. आमच्या जुन्या रिपा अशाच गेल्या आहेत. साग घेतला, पण तोही निवडून, फिकट कड नसलेला. पावती आणि वन खात्याचा वाहतूक पास हातात आल्यावरच टेम्पो हलवला.

जुनं सागवान घ्यावं असाही विचार होता. कोल्हापूरकडे पाडलेल्या वाड्यांचं चांगलं लाकूड मिळतं. पण त्यात खिळे अडकलेले असतात आणि करवतीचं पातं तुटेल म्हणून मिलवाले ते चिरायला घेत नाहीत. सगळे खिळे आधी काढून द्यायचे, त्यानंतरही चुकून राहिला तर पात्याचे पैसे आपण भरायचे. रिपांसारख्या बारीक चिराईला ते परवडत नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

काजूच्या टरफलांचं तेल आणलं, वीस लिटरचा कॅन. काजूच्या कारखान्यात बी फोडल्यावर उरलेल्या टरफलांतून हे काढतात. काळपट तपकिरी, काकवीसारखं दाट, वास उग्र. कोकणात लाकडाला वाळवीपासून वाचवायला हेच लावत आलेत, आणि बाटलीतल्या रसायनांपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

डिझेल घालून पातळ केलं. हाताला खोबरेल चोळून, हातमोजे घालून, मी आणि तात्यांचा मुलगा बसलो. एक हात देऊन उन्हात सुकवायचं, मग दुसरा हात. रिपांची टोकं तर डब्यात बुडवूनच काढली, कारण वाळवी टोकाकडूनच चढते. मोज्याच्या वरच्या कडेला, मनगटावर, दोन थेंब उडाले. ताबडतोब धुतलं तरी रात्री तिथे भाजल्यासारखे फोड आले. आठ दिवस राहिले. पुढच्या वेळी लांब मोजे.

गुढी उभारली ती या सगळ्या वासाच्या मध्येच. आई म्हणाली, "असूं दे गो, घराचंच काम हाय."

५ एप्रिल, शनिवार

कौलं शोधायला सुरुवात. तीन दुकानं. नवी कौलं केरळातून येतात, मोरबीहून येतात, कर्नाटकातूनही. दिसायला सगळी सारखी, लाल आणि कडक. मी पिशवीतलं कौल काढलं की दुकानदार म्हणायचा, "बसेल हो, सगळी मंगलोरीच." तात्या काही न बोलता दोन रिपांचे तुकडे साडेबारा इंचांवर जमिनीला ठेवायचे, त्यावर आमचं कौल आणि शेजारी दुकानातलं.

मंगलोरी कौलाच्या एका कडेला खाच असते आणि दुसऱ्या कडेला ओठ. शेजारच्या कौलाचा ओठ या खाचेत बसला की पाणी खाचेतून खाली वाहतं, आत येत नाही. ही खाच प्रत्येक कारखान्याच्या साच्याची वेगळी. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक असला तरी ओठ खाचेवर चढतो, कौल एका बाजूने उचलतं आणि मधे बोट जाईल एवढी फट राहते. पहिल्या दुकानात फट. दुसऱ्या दुकानात कडेला बसलं, पण लांबी कमी. नाक रिपेपर्यंत पोचेना. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही बाजूंनी जवळजवळ बसलं. नगाला ३८ रुपये. ५०० सांगितली, दहा हजार आगाऊ दिले. पावतीवर 'नमुन्याप्रमाणे' असं लिहून घेतलं.

१३ एप्रिल, रविवार

माल आला. नमुन्याप्रमाणे नाही.

टेम्पोतून पहिली शंभर उतरवल्यावर तात्यांनी रिपांवर लावून पाहिलं. दहातली चार बसत होती, सहा डुगडुगत होती. दोन वेगळ्या साच्यांचा माल एकत्र केलेला. टेम्पोवाला म्हणाला, मालक म्हणतात सिमेंट लावून बसवा. कौल सिमेंटने चिकटवलं तर पुढच्या शाकारणीला ते उचलता येत नाही, फोडावंच लागतं. उतरवलेली परत चढवून माल परत पाठवला. आगाऊ दिलेल्या दहा हजारांतले सहा परत मिळाले, चार गाडीभाडं म्हणून कापले. फोनवर अर्धा तास भांडले, पण उपयोग झाला नाही. चूक त्यांची असताना चार हजार आमचे गेले, याचा राग अजून आहे. पावतीवर 'नमुन्याप्रमाणे'च्या पुढे 'नाही तर पूर्ण रक्कम परत' हेही लिहून घ्यायला हवं होतं.

१८ ते २० एप्रिल

गुड फ्रायडेची जोडून सुट्टी मिळाली. आता जुनीच कौलं शोधायची असं ठरवलं. ज्या घरांवर पत्रा आला त्या घरांची कौलं कुठेतरी रचून ठेवलेली असणारच. पिशवी घेऊन तात्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून तीन दिवस वाडी वाडी फिरले. कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या काजूच्या बागेत कुंपणाला टेकून, एका ठिकाणी तर कौलांनी विहिरीच्या कडेची वाट बांधलेली.

पाचलच्या रस्त्याला एका अंगणात जुन्या कौलांची थप्पी होती. मालक आजोबा स्वतः उठून दाखवायला आले. त्यांत एका कौलाच्या पाठीवर बासेल मिशन टाइल वर्क्स आणि १८६५ असं स्वच्छ वाचता आलं. पहिल्यांदा वाटलं, एवढं जुनं! पण ते साल कौलाचं नाही, मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं; पुढे कित्येक वर्षं त्याच छापाची कौलं निघत राहिली. बोटाच्या पेराने वाजवलं तर घंटेसारखं खणखणलं. तरी आमच्या खाचेत बसलं नाही. आजोबांनी चहा दिला आणि सांगितलं, "चांदणीचं कौल ना? खालच्या वाडीत बघा, गेल्या वर्षी घर उतरलंय."

खालच्या वाडीत आंब्याखाली थप्पी होती, वर पालापाचोळा. तात्यांनी आधी काठीने ठोकलं. दुसऱ्या ओळीतून विंचू निघाला. मग एक कौल उलटं केलं. चांदणी. झिजलेली नाही, पाचही टोकं शाबूत. मी पिशवीतलं काढून शेजारी लावलं, आणि ओठ खाचेत गेला तो आवाजही न करता. वर हात फिरवला. दोन कौलांमधला सांधा हाताला लागेना. दोन महिने जे शोधत होते ते हेच.

घरच्या वहिनींनी मोजून घ्यायला सांगितलं. एकूण सातशेच्या वर होती. मी एकेक वाजवून घेतलं. बद्द आवाज आला की बाजूला, मग तडा दिसो वा न दिसो. शंका आली तिथे पाठीवर थोडं पाणी ओतलं. लगेच पिऊन काळं पडलं तर ते कौल पावसात पाझरणार. अशी ५१० निवडली. नगाला १६ रुपये ठरले. वहिनी म्हणाल्या, "घरावरच जातायत ना? मग न्या." त्यांच्याकडेच दोन काचेची कौलंही मिळाली, त्याच मापाची. त्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

२७ एप्रिल, रविवार

छोट्या हत्ती टेम्पोतून दोन फेऱ्या. कौलं आडवी रचायची नाहीत, उभी लावायची, खाली आणि मधे पेंढा. वाटेत फुटली सात. घरी उतरवून धुतली, शेवाळ काथ्याने घासून काढलं. तारेचा ब्रश लावायचा नाही, वरची कातडी जाते.

३ मे, शनिवार

राजापूर बाजार. खिळे अडीच किलो, सुतळी, दोन घमेली. आढ्यावरची कौलं बसवायला सिमेंटच्या तीन गोण्या. गोणीवरचा छापलेला आठवडा आणि साल बघून घेतल्या, तीन महिन्यांच्या आतल्या. क्रश सँड चाळून घ्यावी लागणार, फार जाड आहे. कामावर थांबायला आजपासून तीन आठवडे रजा.

८ मे, गुरुवार

छप्पर उघडलं. सकाळी सातला सुरुवात, अकरापर्यंत सगळी कौलं खाली. धड निघाली ६८५, म्हणजे ४३५ गेली. त्यांत ५०३ मिळवली की ११८८. पुरतात, वर ६८ उरतात. आईची खोली आकाशाला उघडी. तिचं सामान ओटीवर आणलं.

१२ मे, सोमवार

चौदाही वासे चढले. जुन्या नऊ वाशांनाही जागेवरच काजूतेलाचा हात दिला.

१७ मे, शनिवार

रिपा झाल्या. तात्यांनी साडेबारा इंचांची एक फळी कापून घेतली होती. प्रत्येक रीप त्या फळीला टेकवूनच ठोकली, टेप एकदाही काढली नाही. आधी भोक पाडून मग स्क्रू. उद्यापासून कौलं, वळचणीकडून वर.

२० मे, मंगळवार

पाऊस. मे महिन्याचा वळीव पाहिलाय, पण हा वळवासारखा येऊन गेला नाही, दुपारपासून लागूनच राहिला. पाखं निम्मंच झाकलेलं. धावत राजापुरात गेले तर ताडपत्री संपलेली; तीन दुकानांत नाही, सगळा बाजार तेच मागत होता. शेवटी शेतीच्या औषधांच्या दुकानात भात झाकायच्या दोन मिळाल्या, १८ बाय २४ च्या. काळजीपोटी मी जाडी बघितली नाही, भाव विचारला नाही, उचलल्या. रिक्षातून घरी. अंधार पडेपर्यंत चौघांनी मिळून त्या आढ्यावरून टाकल्या आणि सुतळीने वाशांना बांधल्या.

२२ मे, गुरुवार

किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याचं बातम्यांत. पावसाला उघडीप मिळेल तेवढ्या वेळात तात्या ताडपत्रीची एक बाजू उचलतात, दोन ओळी लावतात, परत झाकतात. ओलं कौल हातातून सटकतं म्हणून मी खालून एकेक पुसून देतेय. आज पाच ओळी.

२३ मे, शुक्रवार

संध्याकाळी साडेसहाला शेवटची ओळ. आढ्याचं सिमेंट पावसात धरणार नाही, म्हणून आढ्यावर नुसती कौलं मांडून वर ताडपत्रीची घडी, वाळूच्या पिशव्यांनी दाबून. काचेची दोन कौलं आईच्या पलंगाच्या बरोबर वर नाही, पायथ्याकडे लावली; तिला सकाळी डोळ्यांवर उजेड नको असतो.

२४ मे, शनिवार

रात्रीपासून वारा. दुपारच्या सुमाराला वादळी पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्याला लागला, आणि आजच केरळात मान्सून पोचल्याचं जाहीर झालं. नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. आम्ही इथला पाऊस १० जून धरून बसलो होतो.

आईच्या खोलीत विजेरी घेऊन बसले. रिपेच्या प्रत्येक ओळीवरून उजेड फिरवला. काजूतेलामुळे लाकूड काळं दिसतं, त्यामुळे पाण्याचा थेंब असता तर चमकला असता. कुठेच नाही. फक्त न्हाणीच्या भिंतीला पाखं मिळतं त्या कोपऱ्यात टपटप. तिथे तांब्या ठेवला. तो भरायला पाऊण तास लागला, म्हणजे भोक मोठं नाही.

आई झोपली होती. वाऱ्याचा आवाज होता, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता.

२५ मे, रविवार

मान्सून देवगडपर्यंत आला. म्हणजे आमच्यावर आलाच. सकाळी तात्या छत्री घेऊन बघायला आले, कोपरा पाहिला. कौलाचा दोष नाही, भिंतीच्या कडेची जुनी गिलाव्याची पट्टी सुटलीय. पावसाने चार दिवस दम घेतला की करू म्हणाले. मजुरीचा शेवटचा हप्ता दिला, त्यांनी त्यातले पाचशे आईच्या हातात ठेवले, "कौलांवरून सत्यनारायण घाला."

८ जून, रविवार

पाऊस थांबून दोन-तीन दिवस कोरडे मिळाले. आढ्याची कौलं सिमेंटात बसली, न्हाणीची पट्टी नवीन. त्यानंतरच्या सरीत तांब्या कोरडा राहिला.

उरलेली कौलं मोजली. लावताना १९ फुटली, शिल्लक ४९. पडवीत भिंतीला उभी लावून ठेवली. पुढचं पाखं दोन-तीन वर्षांत काढायचं, ते ओटीवर खुर्ची ठेवून खालून नीट पाहिलं: फुटकी आणि तडकलेली ६० दिसतात, उतरवताना अजून शंभर तरी जातील. म्हणजे ही ४९ वजा जाता एकशे दहा-अकरा तरी चांदणीची कौलं अजून लागणार. खालच्या वाडीतल्या वहिनींना फोन केला. थप्पीतली दोनशेच्या वर आहेत, पण बद्द आवाजाची वगळली तर किती उरतील सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, दिवाळीला या, वाजवून घ्या. नमुन्याचं कौल साडीत गुंडाळून पिशवीतच ठेवलं आहे.